मारले नाही, सोडून दिले

वऱ्हाडात मांजर मारीत नाहीत. मांजर मारल्यास काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, अशी समजूत आमच्या लहानपणी सर्वांच्या तोंडी असे. ती केवळ हिंदू शेजाऱ्यांकडेच होती असे नाही. तीन पिढ्यांमागे ख्रिस्ती झालेल्या आमच्या घरातही ती मुक्कामाला होती. काशी आमची नव्हती आणि सोनेही आमच्याजवळ नव्हते. पण मांजरावर हात उचलायचा नाही, हे मात्र ठरलेले होते. त्यामुळे मांजर व्याली आणि घर पिलांनी भरले, की पेच पडे. मारायचे नाही आणि ठेवायचेही नाही. या पेचातून वऱ्हाडाने, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राने, एक तोड काढून ठेवली होती. पिले पोत्यात घालायची, पोत्याचे तोंड सुतळीने बांधायचे आणि नदीपलीकडे नेऊन सोडून द्यायची.

मी अकरा वर्षांचा असताना हे काम माझ्याकडे आले. आम्ही तेव्हा मलकापुरात राहत होतो. मे महिना होता आणि नळगंगेचे पात्र जवळजवळ कोरडे पडले होते. पोत्यात चार पिले होती. निघताना आजीने बजावले, “पल्याडच्या बाभळीपाशी सोड अन् सरळ घरी ये. मागं पाहू नको. मागं पाहिलं की ते वाट धरतात.” मी तिने सांगितले तसेच केले. पोते उलटे केले, ते घडी करून काखेत मारले आणि मागे न पाहता घरी आलो.

मांजरीने तीन दिवस पिलांना शोधले. कोठीच्या खोलीत, चुलीमागे, बाजेखाली, माळ्यावर. चौथ्या दिवशी तिने शोधणे थांबवले. त्या शनिवारी मला पापनिवेदनाला जायचे होते. रांगेत उभा राहून मी दहा आज्ञा मनातल्या मनात मोजल्या. खून मी केला नव्हता. चोरी केली नव्हती. आईवडिलांचा मान राखला होता; उलट घरच्यांच्या सांगण्याबाहेर गेलो नव्हतो. आपण कोणती आज्ञा मोडली हे काही केल्या सापडेना. शेवटी दोनदा खोटे बोललो, एवढे सांगून मी बाहेर पडलो. या गोष्टीला आता पन्नासहून अधिक वर्षे झाली. पण तो प्रश्न सुटलेला नाही. ज्याला मारले नाही, केवळ सोडून दिले, त्याचे आपण काय लागतो?

हा प्रश्न पुन्हा जागा झाला तो एका बाईंमुळे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी काही कामानिमित्त मला पंधरा दिवस राहावे लागले. मुक्कामाच्या जागेमागे जुन्या, रिकाम्या झालेल्या क्वार्टर्सची एक ओळ होती. कौले फुटलेली, दारे गेलेली, अंगणात टणटणी माजलेली. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास एक वयस्क बाई हातात डबा घेऊन तेथे येत. त्यांची चाहूल लागताच भिंतीवरून, पन्हाळीखालून, मोडक्या खिडक्यांतून मांजरे बाहेर पडत. पंधरा-सोळा तरी असतील. बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांच्याबरोबर कधी शेजारची एक शिंपीण येई, कधी बारावीत शिकणारा एक मुलगा. कोंबडीच्या दुकानातून आणलेल्या तुकड्यांचा भात, कधी सुकट घातलेली भाकरी. जुन्या ताटल्यांत ते वाढत, मांजरांचे खाणे होईपर्यंत थांबत, मग ताटल्या धुऊन, जागा झाडून परत जात.

एकदा धीर करून मी विचारले, “बाई, ही एवढी रानमांजरं इथं आली कुठून?”

त्यांनी माझ्याकडे रागाने नव्हे, पण शिक्षिकेच्या नजरेने पाहिले. “रानातून आलेली नाहीत हो ही,” त्या म्हणाल्या. “यातल्या पुष्कळांना कुणीतरी नाव ठेवलेलं होतं.”

कुटुंबे बदलीवर गेली, सामान ट्रकमध्ये चढले, मांजर मात्र मागे राहिली. कुणाच्या घरी बाळ येणार होते. कुणी जुने घर पाडून फ्लॅटमध्ये गेले. कुणी पिलू आणले होते ते पोरांच्या हट्टाखातर आणि पोरे शिकायला पुण्याला गेली. कारणे अशी साधी, घरगुती होती. त्यांत क्रूर माणूस एकही नव्हता. क्रूर माणसांनी केलेली पापे आपल्याला ओळखता येतात; चांगल्या माणसांनी सोयीसाठी केलेली ओळखणे कठीण असते.

बाईंच्या या कामाला गावात विरोध होता, आणि तो सगळाच चुकीचा होता असे मला म्हणवत नाही. पहिला आक्षेप घाणीचा. दुसरा संख्येचा: खायला मिळते म्हणून मांजरे वाढतात. तिसरा आक्षेप सर्वांत जड. एका गृहस्थांनी तो माझ्याजवळ बोलून दाखवला. “इथं शेतकरी औषध पिऊन मरतोय आणि या मांजरांना कोंबडी घालतात. आधी माणसं बघावीत.” बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्याने हे वाक्य हसण्यावारी नेता कामा नये. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील शेतकरी आत्महत्यांसाठी ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली, त्यांत आपला जिल्हा होता. कापसाच्या आणि सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष ठरते, अशी घरे आपल्या भोवती आहेत. त्या घरांसमोरून मांजरांचा डबा घेऊन जाताना आपली मान ताठ राहील का, हा प्रश्न खरा आहे.

ख्रिस्तसभेची शिकवणही या बाबतीत भाबडी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅटेकिझममध्ये प्राण्यांविषयी चारच परिच्छेद आहेत, २४१५ ते २४१८. पण त्यांत दोन्ही बाजू नीट मांडलेल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, असे तेथे म्हटले आहे. आणि लगेच पुढे असेही, की माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही तितकेच न शोभणारे आहे; प्राण्यांवर माया करावी, पण केवळ माणसांचाच हक्क असलेले प्रेम त्यांच्याकडे वळवू नये. २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकातून प्रत्येक जीवाला मनुष्याच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे असे सांगणाऱ्या पोप फ्रान्सिस यांनीच, जानेवारी २०२२ मध्ये, मुले नकोत पण कुत्री-मांजरे हवीत असे म्हणणाऱ्या जोडप्यांना कानपिचक्या दिल्या होत्या. तेव्हा पुष्कळ प्राणिप्रेमी दुखावले. पण दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या, हेच महत्त्वाचे आहे.

संत थॉमस अक्विनास तर आणखी काटेकोर. त्यांच्या मते मैत्रीच्या अर्थाने जे ख्रिस्ती प्रेम, ते विचारशक्ती नसलेल्या प्राण्याशी होऊ शकत नाही. कारण ज्या शाश्वत सुखात आपण एकमेकांचे सोबती होणार, त्यात त्याचा वाटा नाही. प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून क्रौर्य टाळावे, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद मला पूर्वी पुरेसा वाटे. आता वाटत नाही. नळगंगेच्या काठी ती पिले उतरवून आल्यामुळे मी काही पुढे दुष्ट झालो नाही. माणसांशी मी बऱ्यापैकी नीट वागलो. पण म्हणून त्या चार जिवांचा हिशेब मिटला, असे म्हणता येईल का? माझ्या स्वभावावर काय परिणाम झाला हा माझा प्रश्न झाला. बाभळीखाली जे उरले, त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

येथे एक भेद केला पाहिजे, आणि तो करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण जवळ आहे. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ निघाला. गळ्यात वनखात्याने बसवलेली रेडिओ कॉलर. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, नाले, रस्ते ओलांडीत, सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो वर्षाअखेरीस आपल्या बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले. त्या वाघाच्या बाबतीत आपले कर्तव्य काय होते? त्याच्या वाटेतून बाजूला होणे, एवढेच. वाघाला सोडून देणे म्हणजे त्याला त्याचे आयुष्य परत देणे. वाघही मार्जारकुळातला आणि क्वार्टर्समागची मांजरेही त्याच कुळातली. पण ‘सोडणे’ या एकाच क्रियापदाचा अर्थ दोघांच्या बाबतीत अगदी उलट होतो. रानातल्या जीवाला सोडणे ही मोकळीक. घरातल्याला सोडणे हा विश्वासघात. मांजराला नदीपलीकडे नेऊन आपण स्वातंत्र्य देत नाही. जे जग आपण त्याला शिकवले, ते आपण काढून घेतो.

आणि ते जग आपण त्याला शिकवले, यात शंका नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले आढळले आहे. माणसाने धान्य पेरले, ते साठवले, साठ्याला उंदीर लागले आणि उंदरांमागे मांजर आले. ते आपल्या पायांनी आले हे खरे, पण आपण त्याला उंबरठ्याच्या आत घेतले. आपल्या वऱ्हाडात धान्याची पेवे होती, कणग्या होत्या, सरकीचे ढीग होते. १८७० मध्ये लॉर्ड मेयोच्या हस्ते खामगावची रेल्वे आणि कापसाची पेठ सुरू झाली, तेव्हापासून तर गोदामांनी हा मुलूख भरून गेला. गोदाम तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे मांजर.

पुढे प्लेग आला. १८९६ साली मुंबईत उतरलेली ती साथ गावोगाव पसरली, आणि लोक घरे सोडून शेतांत झोपड्या बांधून राहू लागले. त्या काळात अमरावतीला लेफ्टनंट कर्नल ॲन्ड्र्यू ब्युकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी एक वेगळाच उद्योग केला. गावांतली मांजरे मोजविली. ज्या गावांत पुष्कळ घरी मांजरे होती, तेथे प्लेगचा उपद्रव कमी दिसला, असे त्यांचे निरीक्षण होते. मांजर हे प्लेगनिवारक आहे, असे मांडणारा त्यांचा लेख १९०८ साली इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज आपल्याला ठाऊक आहे की प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो आणि मांजरालाही तो होऊ शकतो. तेव्हा ब्युकॅनन साहेबांचे सगळेच म्हणणे टिकेल असे नाही. पण माझ्या दृष्टीने गोष्टीचे मर्म दुसरीकडे आहे. वऱ्हाडातल्या माणसांचे प्राण वाचावेत म्हणून घरोघर मांजरे असावीत, असे एके काळी शहाण्या डॉक्टराला वाटले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरात मांजराला जागा होती, ती कामाची जागा होती. आता धान्य पत्र्याच्या कोठीत आहे, उंदरांना औषध मिळते, आणि मांजराचे काम संपले. काम संपलेल्या चाकराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडणे याला आपण काय नाव देऊ?

म्हणून बाईंच्या डब्याला मी भूतदया म्हणायला कचरतो. दया वरून खाली येते. ती दिली तर उपकार, नाही दिली तर दोष नाही. मांजराच्या बाबतीत प्रश्न उपकाराचा नाही, देण्याचा आहे. ज्या जीवाला पिढ्यानपिढ्या आपल्यावर अवलंबून राहायला शिकवले, त्याचे आपण देणे लागतो. दुसऱ्याने बुडवलेले कर्ज कुणीतरी फेडते आहे, असे ते दृश्य मला दिसते.

आता पवित्र शास्त्राकडे पाहू. गंमत अशी, की बायबलमध्ये मांजर जवळजवळ नाहीच. सिंह आहे, कोल्हा आहे, कुत्रे पुष्कळ आहेत. मांजराचा उल्लेख सापडतो तो फक्त बारूखच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे ज्या पुस्तकाला आपले प्रॉटेस्टंट बंधू बायबलात धरीत नाहीत त्यात. आणि तोही मूर्तींच्या डोक्यावर वटवाघळे, पाखरे आणि मांजरे बसतात, असा उपहासाचा. पण मांजर नसले, तरी आपल्याला लागणारा धागा शास्त्रात आहे. नीतिसूत्रांत नीतिमान माणसाची खूण सांगितली आहे ती अशी, की तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. ‘आपल्या’ हा शब्द महत्त्वाचा. आणि योनाच्या पुस्तकाचा शेवट आठवा. निनवे नगरी वाचली म्हणून रुसून बसलेल्या संदेष्ट्याला परमेश्वर समजावतो, की या नगरात एक लाख वीस हजारांहून अधिक माणसे आहेत, त्यांची मला कीव येऊ नये काय? आणि तेथेच न थांबता तो गुराढोरांचाही उल्लेख करतो. ते पुस्तक गुराढोरांवरच संपते. परमेश्वराच्या हिशेबात माणसे आधी आली. पण जनावरे गाळली गेली नाहीत.

‘आधी माणसे’ या म्हणण्याचे खरे उत्तर मला या क्रमात दिसते. आधी म्हणजे फक्त नव्हे. ज्याला आधी असते, त्याला नंतरही असते. प्रश्न असा विचारावा: मांजरांना घालू नका म्हणणाऱ्या गृहस्थांनी ते वाचलेले अन्न कुणाला नेऊन दिले? ते देणारा असेल, तर त्याच्यापुढे मी हात जोडीन. पण बहुतेक वेळा ‘आधी माणसे’ हे वाक्य माणसांसाठी काही करण्याची नव्हे, तर कुणासाठीच काही न करण्याची सोय असते. श्रीमंताच्या दारातल्या लाजराची कथा आपण दरवर्षी ऐकतो. त्याच्या फोडांकडे माणसांनी पाहिले नाही. जवळ आली ती कुत्री.

संतांचे आयुष्यही हेच सांगते. पेरूमधील लिमा शहरात १५७९ ते १६३९ या काळात होऊन गेलेले संत मार्टिन द पोरेस हे एका मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय दासीचे पुत्र. न्हाव्याच्या धंद्यात शिकलेली शस्त्रवैद्यकी घेऊन ते डॉमिनिकन मठात आले आणि आयुष्यभर रोग्यांची, गरिबांची, गुलामांची शुश्रूषा करीत राहिले. त्यांच्या चित्रात एकाच ताटलीत जेवणारे कुत्रे, मांजर आणि उंदीर असतात. आजारी कुत्र्या-मांजरांना ते बहिणीच्या घरी ठेवून बरे करीत. त्यांच्याकडे दोन खाती नव्हती, एक माणसांचे आणि एक जनावरांचे. जखम दिसली की हात पुढे होई. १९६२ मध्ये पोप तेविसाव्या जॉन यांनी त्यांना संतपद दिले.

आणि दूर लिमापर्यंत कशाला जायचे? चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचे ‘सेवासंकल्प प्रतिष्ठान’ आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, मनाचा तोल गेलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या निराधार माणसांना ते तेथे आणतात, न्हाऊमाखू घालतात, औषधपाणी करतात. त्या माणसांच्या हकीकती वाचल्या, की पुन्हा तोच शब्द समोर येतो. त्यांनाही कुणी मारले नव्हते. गाडीत बसवून दूरच्या स्टेशनवर उतरवले, जत्रेत हात सोडला, आणि मागे न पाहता घर गाठले. मांजर आणि माणूस यांची बरोबरी मी करीत नाही. एका माणसाचे मोल हजार मांजरांहून अधिक आहे. बरोबरी मी करतो आहे ती आपल्या हाताची. पोत्याची सुतळी बांधणारा हात आणि जत्रेत सुटलेला हात यांच्यात अंतर असते, पण दोघांची शाळा एकच असते. आणि जो हात टाकलेल्याकडे परत जातो, तोही एकाच शाळेत शिकलेला असतो.

येथे दुष्काळात गुरांची दावी सोडणारा शेतकरी कुणाच्या डोळ्यांसमोर येईल. त्याला मी या आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करणार नाही. चारा नाही, पाणी नाही, घरात धान्य नाही. बैलाच्या गळ्यातली घंटा काढून घेताना तो रडलेला असतो. निरुपायाने सोडणे आणि सोयीने सोडणे यांत आकाशपाताळाचे अंतर आहे. आपली मांजरे बहुधा सोयीने सुटतात.

मात्र बाईंच्या बाजूने एवढे बोलल्यावर उरलेल्या दोन आक्षेपांचेही उत्तर दिले पाहिजे, कारण प्रेम आंधळे असेल तर तेही नुकसान करते. मांजर पाच-सहा महिन्यांची झाली की विणीला येते. सुमारे ६३ ते ६५ दिवसांत चार-पाच पिले होतात, आणि वर्षातून दोन-तीन वेळा हे घडू शकते. नुसते खाऊ घालीत गेले, तर पाच वर्षांत क्वार्टर्सच्या ओळी पुरायच्या नाहीत. पिले साथीच्या रोगाने मरतील, चाकाखाली येतील, आणि भोवतालची पाखरेही नाहीशी होतील. शिवाय मांजराने चावल्यास रेबीजचे भय असतेच. म्हणून जगभर शहाण्या स्वयंसेवकांनी एक रीत स्वीकारली आहे: पिंजऱ्यात पकडावे, निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया आणि रेबीजची लस द्यावी, खूण म्हणून कानाचे टोक किंचित छाटावे आणि त्याच जागी परत सोडावे. खाणे ठरल्या वेळी, ठरल्या जागी द्यावे आणि उष्टे उचलावे. दूध तर देऊच नये. मोठ्या मांजराला ते सहसा पचत नाही. बाई हे सर्व करीत होत्या. टोपलीत मांजर घालून त्या एस.टी.ने अकोल्याच्या पशुवैद्यांकडे जात, आणि पेन्शनमधून खर्च भागवीत. म्हणूनच त्यांचा कळप पंधरा-सोळावर थांबला होता. विवेक हा सद्गुणांचा सारथी मानला गेला आहे. मांजरांच्या बाबतीतही तो रथातून उतरत नाही.

कायदाही या बाजूला सरकला आहे. आपल्या देशात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा गुन्हाच आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. एका पोत्याच्या किमतीइतका! २०२३ च्या नव्या नियमांत कुत्र्यांबरोबर मांजरांच्या निर्बीजीकरणाचाही विचार झाला आहे. इटलीने याहून आधी, १९९१ च्या कायद्याने, मोकळ्या राहणाऱ्या मांजरांना संरक्षण दिले. रोममध्ये ज्या परिसरात ज्युलियस सीझरचा खून झाला, त्या तोर्रे अर्जेंतिनाच्या भग्नावशेषांत टाकलेल्या मांजरांची मोठी वसाहत आहे आणि गेली तीसहून अधिक वर्षे स्वयंसेवक तिची निगा राखीत आहेत. अशा बायकांना तिकडे ‘गात्तारे’, म्हणजे मांजरवाल्या, असे थोडे थट्टेने आणि थोडे प्रेमाने म्हणतात.

त्याच रोममध्ये संत फिलिप नेरी यांची एक हकीकत सांगतात. १५८३ साली ते सान जिरोलामो येथील जुनी खोली सोडून आपल्या संघाच्या नव्या घरी राहायला गेले. त्यांची मांजर मात्र जुन्या जागीच राहिली. फिलिप तिला विसरले नाहीत. शिष्यांपैकी कुणीतरी रोज जाऊन तिला खाऊ घालावे, असा त्यांनी नेम लावून दिला, आणि परत आल्यावर ते तिची खुशाली विचारीत. पुढे मोठ्या पदाला चढलेली माणसेही या कामावर जात असत. ही हकीकत चरित्रकारांनी शिष्यांच्या नम्रतेची परीक्षा म्हणून सांगितली आहे. मला तिच्यात आणखी काही दिसते. घर बदलताना सगळे सामान नेता येत नाही, हे संतालाही ठाऊक होते. पण मागे राहिलेल्याची चौकशी करायला पाय मागे वळवता येतात, हेही ठाऊक होते.

वाचकहो, मी मांजरे पाळा असे सांगण्यासाठी हे लिहिले नाही. उलट ज्याला दहा-पंधरा वर्षांची जबाबदारी पेलणार नाही, त्याने मुलांच्या नाताळच्या हट्टासाठी पिलू आणूच नये. ज्याच्याकडे आहे, त्याने ते विणीला येण्याआधीच वैद्याकडे न्यावे. मग पोत्याची वेळच येणार नाही. बदलीचा ट्रक दारात उभा राहील तेव्हा मांजराचीही सोय विचारात घ्यावी, जशी तुळशीच्या कुंडीची किंवा शिलाई मशीनची घेतो. आणि आपल्या गावात एखादी वेडी म्हणून हिणवलेली बाई डबा घेऊन जाताना दिसली, तर तिला अडवू नये. जमल्यास टोपली धरायला अकोल्यापर्यंत सोबत जावे.

मी शेवटच्या दिवशी बाईंबरोबर क्वार्टर्सवर गेलो. ताटल्या धुऊन झाल्यावर त्यांनी मांजरे मोजली. एक कमी होते. अंधार पडू लागला होता, तरी त्या टणटणीतून वाट काढीत शेवटच्या खोलीपर्यंत गेल्या, हाक मारीत राहिल्या. मी बाहेर उभा होतो. मला आजीचे शब्द आठवले: मागं पाहू नको. आजी वाईट नव्हती. घरात खाणारी तोंडे आठ होती, आणि मागे पाहिले तर पाय पुढे उचलणार नाहीत हे तिला पक्के ठाऊक होते. म्हणजे आपण काय करतो आहोत, हे तिला कळत होते. अकरा वर्षांच्या मला पापनिवेदनाच्या रांगेत जी आज्ञा सापडली नाही, ती आजीच्या त्या वाक्यातच होती. मी ती उलटी ऐकली होती.

खोलीतून बाईंचा आवाज आला, “आहे, आहे, इथंच आहे.” मग आम्ही परत निघालो.